आईच्या फोनमधली भांडणं

न्हावा शेवा बंदराबाहेरच्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी अकरा वर्षं कागद करतो आहे. परदेशातून कंटेनर आला की तो सोडवायला कस्टमला जे जे कागद लागतात ते जमवायचे, तपासायचे आणि भरायचे, हे माझं काम. कागदात खोट निघाली की अधिकारी प्रश्न काढतो, त्याला आमच्याकडे ‘क्वेरी’ म्हणतात. क्वेरी लागली की माल यार्डात पडून राहतो, पार्टी फोनवर फोन करते आणि साहेब माझ्याकडे बघायचं बंद करतात. माझ्या कागदांना सहसा क्वेरी लागत नाही. ही बढाई नाही. म्हणजे आहेच, पण पुढे माझी जी फजिती झाली ती नीट कळायची तर ही बढाई आधी कानावर पडलेली बरी.

साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला धंद्याचं गुपित सांगितलं होतं. “मागतील तेवढंच द्यायचं. एक कागद जास्त दिलास ना, त्यातून चार प्रश्न निघतील. मग बस रडत.” हे मी इतकं मनावर घेतलं की घरीही तसाच वागायला लागलो. आईने विचारलं, “दिवस कसा गेला?” तर मी म्हणायचो, “बरा.” तेवढंच मागितलं होतं.

बायको मला या धंद्यानेच दिली. ती तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होती. त्यांचे परदेशातून आलेले काही ड्रम बंदरात अडकले होते आणि त्यांच्याशिवाय तिचं काम ठप्प झालं होतं. तिने थेट मलाच फोन लावला. “तुम्हाला वाचता येतं का?” हे तिचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. चूक त्यांच्याच सप्लायरची होती, हे मला तिला पटवून द्यायला तीन आठवडे लागले. रोज सकाळी साडेदहाला फोन, रोज भांडण. ड्रम सुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले आणि मी फोनकडे बघत बसलो. अकराला तो वाजला. ती म्हणाली, “आता कशावरून भांडायचं?”

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ती साताऱ्याकडची, खारघरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. आम्ही उलव्याजवळच्या गावातले आगरी. तिच्या घरच्यांना आमच्या मासळीची धास्ती वाटत होती आणि आमच्या घरच्यांना त्यांच्या हळू बोलण्याची. “भांडतात तवा यांना कलतं तरी का?” असं आईने मला गंभीरपणे विचारलं होतं. या सगळ्यात दोन वर्षं गेली आणि तेवढ्यात तिचे कॅनडाचे कागद झाले. तिने ते मला भेटायच्या आधीच भरले होते. जायचं की नाही यावर आम्ही भांडलो, मग जायचं असं ठरलं. ती गेली, पुढच्या डिसेंबरात पाच आठवड्यांची रजा काढून आली आणि आमचं लग्न झालं.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खं गाव लोटलं होतं. धवलारीण आजी, म्हणजे आमच्या लग्नात गाणी म्हणत विधी पार पाडते ती बाई, दोन तास न थांबता धवले गात होती. बायकोचा चेहरा हळदीने इतका माखला होता की तिच्या सख्ख्या वडिलांनी दुसऱ्याच पोरीला “बेटा, दमलीस का?” विचारत पाणी दिलं. लग्नानंतर अठरा दिवस ती आमच्या घरी राहिली आणि मग परत गेली. मी मागे राहिलो, व्हिसासाठी.

गावाने चेष्टेची संधी सोडली नाही. “बायको नवऱ्याला माहेरी ठेवून गेली,” असं नाक्यावर जाता-येता कानावर यायचं. आईसुद्धा काही कमी नव्हती. रविवारी मला खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण जास्त वाढायची आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, “खाऊ दे, माहेराला आलाय.”

बायको म्हणाली, एखादा सल्लागार गाठ. मला हसू आलं. अकरा वर्षं मी परक्या लोकांचे ड्रम, यंत्रं, खेळणी, टाइल्स सोडवल्या आणि स्वतःला सोडवायला माणूस लावू? “तू फक्त तुझ्या बाजूच्या सह्या कर,” मी तिला म्हटलं. ती तेव्हा नव्या नोकरीत दोन-दोन पाळ्या करत होती. तिनेही माझ्यावर भरवसा ठेवला, तिच्या हातून झालेली एवढी एकच चूक.

फाइल मी अशी केली की बघत राहावं. विवाहनोंदणीचा दाखला, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, मेडिकल, सगळं क्रमाने आणि वर अनुक्रमणिका. नातं खरं असल्याचे पुरावे मागितले होते. त्यासाठी मी आठ फोटो निवडले. हळदीचे मुळीच नाहीत, कारण त्यात चेहरे ओळखू येत नाहीत आणि चेहरा ओळखू आला नाही की क्वेरी लागते. निवडलेल्या आठही फोटोंत आम्ही दोघं हात खाली सोडून सरळ उभे आहोत आणि समोर बघतो आहोत. तपासणीच्या वेळी मालाचे फोटो काढतात, अगदी तसे.

मग चॅट. आमचे मेसेज हजारोंनी होते आणि त्यातले निम्मे भांडणाचे. एका रविवारी मी सकाळपासून बसून माझ्या फोनमधली सगळी भांडणं काढून टाकली. उरलं ते स्वच्छ होतं. “जेवलीस?” “हो.” “बर्फ आहे?” “आहे.” “झोप.” “हो.” एकाही वाक्यातून कुणाला काही प्रश्न पडणार नाही, याची मी जातीने खात्री केली. सोबत एक पत्र लिहिलं, त्याचा विषय ‘विवाहाबाबत’. अर्ज गेल्यावर मी ऑफिसात पेढे वाटले.

सात महिने आम्ही वाट बघितली. सकाळी सातला, म्हणजे तिच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेला, फोन व्हायचा. मी पोहे खायचो, ती भाजी-भात खायची. साडेसातला मला ऑफिसची गाडी यायची. एकत्र राहणं म्हणजे आमच्यासाठी ती रोजची तीस मिनिटं होती आणि त्यातली दहा ‘आवाज येतोय का’ यातच जायची.

ऑक्टोबरात ईमेल आला. मी तो ऑफिसात उघडला. दिलेल्या पुराव्यांवरून हे नातं खरं असल्याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान झालेलं नाही, तीस दिवसांत आणखी पुरावे द्या, नाहीतर आहे त्यावरच निर्णय होईल. मला क्वेरी लागली होती. साहेबांनी माझ्या मागून ते वाचलं आणि म्हणाले, “च्यायला, तुला?” अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, म्हणजे आणखी एखादं-दीड वर्ष त्या सकाळच्या तीस मिनिटांवर काढायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, “काय पाठवलं होतंस ते मला दाखव.” मी फाइल पाठवली. ती फोन समोर ठेवून वाचत होती आणि मी तिचा चेहरा बघत होतो. शेवटचं पान वाचून ती परत पहिल्या पानावर आली.

“ही कोण बाई आहे?” तिने विचारलं.

“कुठली?”

“हीच. जी फक्त जेवते आणि झोपते.”

मी खरं ते सांगितलं. भांडणं काढली म्हणून.

“अरे, मग त्यात मी कुठे राहिले? आपण भेटलो कशावरून? भांडण काढलंस म्हणजे मलाच काढलंस की.” तिचे डोळे भरून आले होते. “अधिकाऱ्याचं बरोबर आहे. मी त्याच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं, हे दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.”

मला फार वाईट वाटलं. आणि खरी गोम पुढेच होती. काढलेले मेसेज माझ्या फोनमधून कायमचे गेले होते. तिच्या फोनमध्ये असणार, असं मी धरून चाललो होतो. पण तिचा जुना फोन मार्चमध्ये बर्फात पडून बंद पडला होता आणि नवा कोरा होता. आमची तीन वर्षांची भांडणं जगात कुठेच उरली नव्हती.

त्या दिवशी मी डबा न खाता घरी आलो. आई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी एरवी मागितलं तेवढंच बोलतो, पण त्या संध्याकाळी सगळं बोललो. ईमेल, फोटो, भांडणं, बर्फात पडलेला फोन. आईचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “तुमची भांडनं ना? मंग माज्याकडं हायत की सगली.”

मला वाटलं, आठवणीत आहेत असं म्हणते आहे. तिने हात पुसले, फोन काढला आणि माझ्या पुढ्यात धरला.

झालं होतं असं. आमच्यात पूर्वीपासून नवरा-बायकोचं वाजलं की निवाडा घरातली जुनी बाई करते. आत्याचा न् काकाचा आजीने केला, ताईचा तिच्या सासूने. बायको साताऱ्याची असली तरी हे बरोबर शिकली होती. लग्न ठरल्यापासूनच तिने ही पद्धत उचलली होती. माझ्याशी भांडण झालं की ती त्याचे स्क्रीनशॉट आईला पाठवायची. आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, ते आईला वाचता येत नाही. म्हणून सोबत स्वतःच्या आवाजात वाचून दाखवायची, मध्ये मध्ये स्वतःचं मत घालून. आणि आई तिला आवाजातच निकाल कळवायची. आईला मेसेज कसा काढून टाकायचा हे माहीतच नव्हतं, त्यामुळे एकूण एक जागच्या जागी होतं. आई हे सगळं अजून ठेवून असेल, असं बायकोलाही वाटलं नव्हतं. फोनमध्ये तसूभरही जागा नव्हती, म्हणून तो गेलं वर्षभर अडकत चालत होता आणि मी त्या फोनलाच नावं ठेवत होतो.

आता हे सगळं इंग्रजीत करून घ्यायला हवं होतं. वाशीला अधिकृत भाषांतरं करणाऱ्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, शुद्ध बोलणाऱ्या. आईच्या बोलीचा अर्थ लावायला मी आईलाही घेऊन गेलो. तीन शनिवार आम्ही त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसलो. आई फोन लावायची, बाई ऐकून लिहायच्या आणि मी मधोमध आरोपीसारखा बसलेला असायचो.

पहिलं निघालं सुकटीचं भांडण. जाताना आईने बायकोच्या बॅगेत सुकट भरून दिली होती. तिथे तिच्या खोलीतल्या मुलीने त्या वासाने खिडक्या उघडल्या, बाहेर बर्फ असताना. बायकोने सुकट टाकून दिली आणि आईला सांगितलं, छान झाली होती. मला खरं सांगितलं आणि मी ते आईला बोलून गेलो. यावर आम्ही चार दिवस भांडलो होतो. आईचा निकाल ऐकू आला: “फेकली तं फेकली. सुकट काय सोना हाय? पन या मुडद्याला सांगाची काय गरज होती?”

बाईंनी पेन थांबवलं. “‘मुडद्या’चं काय करू? शब्दशः लिहिलं तर ते लोक घाबरतील.”

“तसाच लिवा बाय,” आई म्हणाली. “मी काय खोटा बोलले नाय.”

शेवटी बाईंनी खाली टीप दिली की हा शब्द आई मुलाला मायेने वापरते. मी म्हटलं, दर वेळी मायेनेच असं नाही. दोघींनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

मग वाढदिवसाचं भांडण निघालं. मी आपल्या तारखेने शुभेच्छा दिल्या, तर ती म्हणे, तिथे अजून आदला दिवस आहे, तुला माझ्या घड्याळाशी काही देणंघेणं नाही. मग ती तिथे ‘मॅनेजर’ आहे असं मी गावात सांगत सुटलो होतो, त्याचं भांडण. बाई लिहिता लिहिता हसून चष्मा पुसत होत्या.

तिसऱ्या शनिवारी जॅकेटचं भांडण आलं. तेव्हा मात्र मला तिथून उठून जावंसं वाटलं. फेब्रुवारीत बायको म्हणाली होती, तिकडच्या थंडीसाठी जाड जॅकेट आत्ताच घेऊन ठेवते, इथे सेल लागलाय, माप सांग. मी म्हटलं, व्हिसा आल्यावर बघू. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने लिहिलं, “तुला खरंच यायचंय ना?” आणि मी दोन दिवस उत्तर दिलं नव्हतं. काढून टाकताना सगळ्यात आधी मी हेच काढलं होतं. हे वाचून कोणता अधिकारी प्रश्न विचारणार नाही?

बायकोचा आवाज खोलीत आला. ती भांडत नव्हती. “आई, तो यायचं टाळतोय असं मला वाटतं. तुम्हीच विचारा.” आणि मग आईचा:

“पोरी, त्याला यायचा हाय. पन त्याचा पाय माज्यात अडकलाय. बाप गेला तवापासून मना एकटी सोडून तो एक रात बी बाहेर राहिला नाय. तो तुना सांगनार नाय, मना बी नाय. तू भांड त्याच्याशी. सोडू नको. भांडल्याबिगर तो निंगनार नाय.”

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मला वाटायचं, माझ्या मनातलं मी कुणालाच दिलेलं नाही. आईने फेब्रुवारीतच ते वाचलं होतं आणि माझ्या बायकोला माझ्यावर सोडलं होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. बाईंनी पाणी आणून दिलं. आई म्हणाली, “रडतस कनाला? लिवून घे त्यांना नीट.”

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, “तू एकटी कशी राहशील?” ती म्हणाली, “तुजी ताय दोन घरं सोडून राहते, ती काय मेली?” जरा वेळाने म्हणाली, “आनि मी काय एकटी नसते. माज्यापाशी तुमचा चालूच असतं की.”

या वेळी मी साहेबांचा नियम मोडला. होतं नव्हतं ते सगळं पाठवलं. हळदीचे पिवळेधमक फोटो, त्यात तोंड उघडून गाणारी धवलारीण आजी, चुकीच्या पोरीला पाणी देणारे सासरे, शंभराच्या वर पानांची भांडणं, निकालांसह. पत्र बायकोने लिहिलं. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘माझ्या नवऱ्याने पहिली फाइल फार नीटनेटकी केली, त्याबद्दल क्षमस्व.’ साहेबांनी जाडी बघून कपाळाला हात लावला. “इतक्यात तर अख्खं जहाज सुटेल,” ते म्हणाले.

सात आठवड्यांनी पासपोर्ट पाठवायला सांगणारा ईमेल आला. सकाळी सातचीच वेळ होती. मी फोनवर तिला वाचून दाखवला आणि ती इतक्या मोठ्याने ओरडली की आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग तिघंही एकदमच बोलायला लागलो, कुणाचं कुणाला कळेना. त्या दिवशी गाडी गेली, मी ऑफिसला उशिरा पोचलो आणि साहेब काही म्हणाले नाहीत. जॅकेटचं माप मी त्याच संध्याकाळी कळवलं.

निघायच्या आदल्या दुपारी बॅगा भरून झाल्या. आईने या वेळी सुकट दिली नाही, मसाला दिला. मला वाटलं, जाण्याआधी तिचा फोन तरी सुरळीत करून द्यावा, म्हणजे रोजचा व्हिडिओ अडकणार नाही. ओट्यावर तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, “दे, जुनं सगळं काढून टाकतो. आता व्हिसा आला, काय करायचंय त्याचं?” हात शिवशिवायला लागले होते. अकरा वर्षांची सवय.

आईने फोन मागे घेतला. “त्यातला एक बी काढाचा नाय.”

“अगं, जागा नाहीये त्यात.”

“मंग जागा कर.”

“काढल्याशिवाय जागा कशी होईल?”

ती खाडीकडे बघत होती. “आता एके घरान राहाल,” ती म्हणाली. “भांडलात तरी तोंडावर भांडाल. मना कोन पाठवल?”

मी इतके दिवस माझ्या व्हिसाची वाट बघत होतो. त्या व्हिसाने आईच्या हातून काय जाणार आहे, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी तिथूनच बायकोला फोन लावला. तिच्याकडे रात्रीचे तीन वाजले होते. झोपेतच ती म्हणाली, “काय झालं?” मी सांगितलं. मग ती म्हणाली, “फोन स्पीकरवर टाक.” मी टाकला.

“आई,” ती म्हणाली, “तुमच्या मुलाने मला रात्री तीनला उठवलंय. उद्या तो इकडे यायला निघतोय, इथे आल्यावर त्याचं काय करायचं, ते मला आजच्या आज कळवा.”

आईने पदर नाकाला लावला, मग फोन तोंडाजवळ घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “तू उठ रं इकडून. आमाला बोलू दे.”

मी उठलो आणि जास्त जागेचा नवा फोन आणायला नाक्यावर गेलो.